पडली नव्हती

त्या घरातल्या बायका फार पडत. सासू तरुणपणी हौदापाशी पडली, तेव्हापासून तिचा डावा हात वाकडा. सून ओट्यापाशी पडे, जिन्यात पडे. "अगं, एकदा फरशी तरी बदलून घ्या!" शेजारणी म्हणत आणि हसण्यावारी नेत.

दोघी पाण्याच्या पाइपलाइनसाठी खणलेल्या चरातली माती उपसायच्या. मुकादम घरचाच, एकीचा लेक आणि दुसरीचा नवरा. त्या सकाळी सुनेच्या फावड्याला खापरं लागली, चार मणी लागले, मग हाड. "गुपचूप माती लोट," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. तिने लोटली नाही. सरळ कामावरच्या साहेबांना हाक मारली. काम थांबलं.

दुपारी पुराणवस्तू खात्याच्या बाई ब्रश घेऊन चरात उकिडव्या बसल्या.

"हजारेक वर्षांपूर्वीची कुणी बाई आहे," त्या वहीत टिपून घेत म्हणाल्या. "हात मोडून तसाच वेडावाकडा जुळलाय."

"पडली असेल," सासू चटकन म्हणाली. जिभेला वळणच पडलेलं.

"पडल्यावर बहुतेक मनगटाशी मोडतं, आजी. हे मधोमध मोडलंय, करंगळीच्या बाजूला. डोक्यावर येणारा घाव हातावर झेलला की असं होतं."

सासूने बाही वर सारली आणि आपला हात त्या हाडाशेजारी धरला. बाक तोच. सुनेने पाहिलं.

घरी पोचून सुनेने ठेवलेल्या चहाच्या आधणाला उकळी फुटते न फुटते तोच नवरा आला. हातात फावड्याचा दांडा.

"काम बंद पाडतेस? फार शहाणी झालीस?"

पहिला दांडा पाठीत बसला. ती फडताळावर आपटली, बरण्या फुटल्या, भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा बरगड्यांवर. तिसरा डोक्यावर येताना तिने हात वर केला.

तो आवाज सासूच्या ओळखीचा होता.

एरवी अशा वेळी ती उठून दार लावून घेई. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये, एवढीच तिची माया. आज तिने दार सताड उघडलं आणि उकळत्या पाण्याचं पातेलं उचललं.

"टाक तो दांडा."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"तुझ्या बापाला भ्यायले. तुला भिऊ? जन्म दिलाय मी तुला. टाक, नाहीतर हे तोंडावर येईल!"

त्याने टाकला.

दवाखान्यात नर्सने वही उघडली आणि न विचारताच लिहायला घेतलं, 'पाय घसरून...'

"खोडा ते," सासू म्हणाली. "माझ्या लेकाने मोडलाय."

"आजी, मग पोलिसांना कळवावं लागेल."

सासूने सुनेकडे पाहिलं. सुजलेल्या तोंडाने सून म्हणाली, "कळवा."

सासूने बाही सारून आपला हात टेबलावर ठेवला. "आणि हाही लिहा. त्याच्या बापाने मोडलेला."

"कधी?"

"पस्तीस वर्षं झाली."

"इतकं जुनं आता कसं लिहू, आजी?"

"चरातल्या बाईचं हजार वर्षांनी लिहून घेतलं," सासू म्हणाली. "मी तर अजून जिवंत आहे."