दुसऱ्याच्या मापाची गोफण

साहेब, माझ्या मावशीचा डोळा तुम्ही घेतलात. दगड तुम्ही मारला नाही, हे मला ठाऊक आहे. तरी डोळा तुम्हीच घेतलात.

विसरला असाल तर सांगतो. मुरुमच्या अलीकडं विजेच्या सौरपट्ट्यांभोवतीचं ते नवं कुंपण आहे ना, त्याला लागून गौरीशंकर पाटलांचं ज्वारीचं रान. त्या दिवशी कुंपणाच्या आत उद्घाटन होतं. मोठे पाहुणे यायचे म्हणून तुमची जीप बांध ओलांडून उभ्या पिकात शिरली. मचाणावर जगदेवी मावशी पाखरं हाकत होती.

"ए म्हातारे, खाली उतर. हातात काय आहे ते?" तुम्ही विचारलंत.

"गोफण हाय की सायेब."

"दे इकडं."

"देते. पाखरं तुमी हाकता का मग?"

तुमचा शिपाई हसला. तुम्ही हसला नाहीत. पाहुण्यांच्या गाडीवर दगड आला तर कोण निस्तरणार, म्हणालात, आणि गोफण तिच्या बोटातून काढून जीपमध्ये फेकलीत. कार्यक्रम झाल्यावर ठाण्यातून घेऊन जा, हेही तुम्हीच म्हणालात.

कार्यक्रम झाला. मावशीला मोटरसायकलवर बसवून मी ठाण्यात घेऊन आलो. साहेब बंदोबस्तावर गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. पुन्हा गेलो तर हवालदार कपाटामागं डोकावल्यासारखं करून म्हणाला, "सापडंना बघा. बाजारातनं दुसरी आणा की आजी. दोरीच तर हाय."

मावशी तशीच माघारी वळली. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्याच्या बायकोचं झंपर त्यानं घालून हिंडावं बाजारात. मग कळंल त्याला, दोरी हाय का काय हाय ते."

गोफण अंगावर मापून वळतात. दुहेरी करायची, मुठीत धरायची, हात सरळ खाली सोडायचा. दगडाची झोळी घोट्याला टेकली तर लांब झाली. गुडघ्याच्या वर लोंबली तर आखूड झाली. रानात उभं राहून मारणाऱ्याला थोडी लांब चालते, मचाणावर मात्र पोटरीच्या खाली जाऊन चालत नाही, कारण तिथं बाजूला खांब असतात. एका टोकाची अढी बोटात अडकवायची, दुसरं टोक चिमटीत धरायचं. डोक्यावरून फिरवायची आणि चिमटी सोडायची. ती कधी सोडायची ते कुणी शिकवत नाही. हाताला आणि गोफणीला एकमेकांची सवय लागावी लागते. मावशीला तशी सवय लागायला अर्धं आयुष्य गेलं होतं. गोटा ती पाखरावर मारायचीच नाही. थवा जिथं टेकणार तिथं तो अगोदर जाऊन पडायचा.

इकडं कणसं चिकात आलेली, दाणे दुधाळ. भोरड्यांचे थवे उतरू लागले. मावशी पत्र्याचा डबा बडवायची, ओरडायची. पाखरं उठायची आणि दोन ओळी पुढं जाऊन बसायची. नवी गोफण वळावी तर दोरी वळायचा अंबाडीचा वाख कुठंच मिळेना. नायलॉनची वळून पाहिली, ती चिमटीतून निसटायची.

गौरीशंकर पाटील बांधावर आले. माणूस वाईट नाही. "मावशी, जमत नसलं तर राहू द्या. भोंगा आणून लावतो. घुबडाचा, बंदुकीचा आवाज निघतोय त्यात. तुमी घरी निवांत बसा."

मावशीला पोरबाळ नाही. मचाणावरून उतरली की ती कुणाच्याच कामाची उरणार नव्हती. तेवढं तिला कळत होतं.

"दोन दिस थांबा, पाटील," ती म्हणाली. "गोफण येतीय."

शेजारच्या रानातले दादामियाँ गोफण घेऊन आले. जुनी, हात लागून काळी तुळतुळीत झालेली.

"ही अब्बांची, अक्का. अब्बा माझ्याहून बी हातभर उंच. तुमाला लई लांब पडंल. कापून घ्या."

"मेलेल्या माणसाची गोफण कापत न्हायत, दादा."

"अब्बा काय कबरीतनं उठून भांडायला येतेत व्हय? म्या म्हणतो ना, कापा."

"न्हाय. वेढे घालून वापरते. सुगी झाली की जशीच्या तशी परत देते."

आमच्याकडं अशीच रीत आहे. मेलेल्याचं माप मोडायचं नाही. म्हणून तिनं अढीकडची दोरी मनगटाला गुंडाळली. सुटायची दोरीही तेवढ्याच लांबीवर चिमटीत धरावी लागली, म्हणून तिचं उरलेलं शेपूट हाताखाली लोंबत राहिलं. सकाळभर तरीही गोटे बरे गेले. दादामियाँ बांधावर बसून म्हणाले, "अब्बांचाच हात हाय बघा, अक्का."

"गप बसा. नजर लावू नका."

उन्हं चढली तेव्हा मोठा थवा आला. मावशीनं गोफण जोरात फिरवली आणि चिमटी सोडली. पण लोंबतं शेपूट तिच्या बांगड्यांत अडकलं. झोळी उघडलीच नाही. गोटा तसाच गरकन वळून आला आणि तिच्या उजव्या डोळ्यावर बसला.

ती ओरडली नाही, असं दादामियाँ सांगतात. खाली बसली आणि म्हणाली, "दादा, थवा उठला का?"

सोलापूरला नेली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला नसता तरी हेच झालं असतं. दादामियाँ बाहेर पायरीवर बसून एकच घोकत होते, म्याच कापून आणायला पायजे हुती.

आणि तुमची माणसं आता चौकात काय सांगतात, साहेब? बघा, हत्यारच होतं ते, म्हणून तर साहेबांनी काढून घेतलं होतं.

मावशी आता माझ्याकडं असते. चहा ओतताना धार बशीच्या कडेला पडते. ती पदरानं पुसते आणि कुणी बघितलं का, हे चाचपते. आम्ही दुसरीकडं बघतो.

परवा मी हे लिहायला बसलो तेव्हा तिनं मला थांबवलं. "डोळ्याचं ऱ्हाऊ दे. गेला तो गेला. त्यांना येवढंच इचार, उभा जलम म्या त्या मचाणावर हुते. खालनं वाट हाय, पोरं साळंला जात्यात, बायका भाकरी घेऊन येत्यात. माझा गोटा लागलेला एक तरी माणूस दाखीव म्हणावं."

मी विचारतो आहे, साहेब. मुरुमपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही गावात जा, कुणालाही विचारा.

एक माणूस दाखवा.