कंबरपट्टीच्या आतली मी

मी चरबी बोलतेय. नाव ऐकूनच नाक मुरडलंत ना? सवय आहे मला. कुणी उर्मटपणे वागलं की लोक म्हणतात, "अंगात चरबी आलीय." आता माज करायला मला वेळ कुठे असतो? मी एका शिंप्याच्या अंगात राहते. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही म्हणते.

ते आईच्या पोटात होते, तेव्हाच शेवटच्या महिन्यांत मी त्यांच्या कातडीखाली पातळसा थर धरला. पुढे सातव्या वर्षी ते तापाने महिनाभर अंथरुणाला खिळले. घास घशाखाली उतरेना. तेव्हा मी कणाकणाने विरघळले आणि त्यांचं शरीर चालू ठेवलं. ताप उतरला तेव्हा पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या. आई म्हणाली, "वाचलं गं बाई लेकरू!" माझं नाव कुणी घेतलं नाही. थोडं वाईट वाटलं, पण लेकरू वाचलं होतं.

लोकांना वाटतं, मी म्हणजे कोपऱ्यात पडलेलं पोतं. अहो, मी दिवसभर रक्तातून निरोप धाडत असते. मेंदूला सांगते, "साठा पुरेसा आहे, भूक आवर." स्नायूंना आणि यकृताला सांगते, "इन्शुलिन दार वाजवतंय, त्याचं ऐका." माझं ऐकलं तर सगळं घर सुरळीत चालतं.

मास्तरांचं सगळं आयुष्य मशीनवर बसून गेलं. एक बाही शिवायची, दोन घास खायचे. चहा पाच वेळा, तोही गोड्ड. मी वाढत गेले. माझ्या पेशी टम्म फुगल्या. कातडीखाली जागा पुरेना, तेव्हा मी पोटात शिरले आणि आतड्यांभोवती बस्तान मांडलं.

दुसऱ्या कुणाला पोट सुटल्याचं पँटनेच सांगितलं असतं. पण मास्तर पडले शिंपी! पँट आवळायला लागली की दुपारी गिऱ्हाईक नसताना ते कंबरेची मागची शिवण उसवत, आत राखलेलं जादा कापड सोडत आणि अर्धा इंच पुढे नवी टीप मारत. "कापड आटलंय मेलं," असं पुटपुटत. पाच मिनिटांचं काम. असं एकदा नाही, चारदा झालं.

मी मेंदूला ओरडून सांगत होते. पण रोज बोंब मारणाऱ्याकडे कोण लक्ष देतं? फुगलेल्या पेशींत दाह सुरू झाला. स्नायूंना जाणारा निरोप क्षीण झाला. माझ्यात मावेना ते तेल यकृतात जाऊन बसलं आणि साखर रक्तातच फिरत राहिली. खोटं कशाला बोलू? यात माझाही हात होता.

मग एक दिवस मास्तरांना सुईचं नाक दिसेना. शेजारी काजं-बटणं करत बसलेल्या बायकोला ते म्हणाले, "जरा ओवून दे गं." नवा चष्मा केला, तोही महिन्याभरात चालेना. खडूची एक रेघ दोन दिसू लागली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कोटाची बाही आखूड कापली आणि तो तुकडा टेबलाखाली लपवला. बायकोला तो सापडला तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "डोळे गेले तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

मला तेव्हा फार अपराधी वाटलं.

चष्मेवाला शहाणा निघाला. "मास्तर, नंबर सारखा बदलतोय. आधी रक्तातली साखर तपासून या." साखर भरमसाट निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन वाढलेलं कळलं नाही? कपडे घट्ट झाले नाहीत?"

"छे हो! ही पँट सहा वर्षांची आहे. आजही बरोबर बसते."

सोबत आलेल्या बायकोने ते ऐकलं. घरी आल्यावर तिने ती पँट उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. उसवलेल्या टिपांची भोकं कापडात तशीच होती. शेजारी शेजारी चार ओळी.

"अहो, गिऱ्हाइकाचं माप सूतभर चुकू देत नाही तुम्ही. स्वतःचं कधी घेतलंत?"

मास्तर बराच वेळ त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. मग गळ्यातला टेप काढून त्यांनी तिच्या हातात दिला. "घे. आणि खरं असेल ते लिही."

याला आठ महिने झाले. मास्तर औषध घेतात, चालत दुकानात जातात, कापड उभ्याने बेततात. चहा बिनसाखरेचा पितात, तोंड वाकडं करून. मी बरीच ओसरले आहे. माझे निरोप पुन्हा पोचू लागलेत. परवा मास्तरांनी पहिल्याच फटक्यात सुई ओवली आणि बायकोसमोर धरली. ती म्हणाली, "म्हणजे माझी नोकरी गेली म्हणायची!" आणि पदराने डोळे पुसले.

एवढंच मागणं आहे, मला समूळ घालवू नका. उद्या पुन्हा ताप आला तर कुणीतरी विरघळायला हवं ना? फक्त अधूनमधून माझी विचारपूस करा.

आमच्याकडे दर महिन्याला ही विचारपूस होते. बायको टेप घेऊन उभी राहते आणि मास्तर हळूच पोट आत ओढतात. तीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, तरी ही खोड जात नाही. ती टेप तसाच धरून म्हणते, "सोडा श्वास. मला घाई नाही."

मास्तर ओशाळून हसतात, श्वास सोडतात आणि मी पुढे येते. आता लपून काय करायचं?