दाजींच्या मागे उभा राहिलेला सुभेदार

सुभेदार सुट्टीवर आला, तेव्हा थोरल्या बहिणीचा नवरा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा होता. दाजी म्हणाले, "बोलायचं काही नाही. वर्दी घालून माझ्या मागे उभं राहायचं, बस. घरच्या माणसासाठी एवढंही जमत नसेल, तर राहू दे." बहीण त्याच्याकडे नुसती बघत राहिली. फौजीने राजकारणाच्या मंचावर पाऊल ठेवायचं नसतं, हे सुभेदार नव्या पोरांना स्वतःच शिकवायचा. तरी भीड मोडवेना. तो गेला.

चौकातल्या सभेत दाजींनी मागे बोट दाखवलं. "फौज आमच्या पाठीशी आहे. जो आमच्या विरोधात, तो फौजेच्या विरोधात." टाळ्या पडल्या. सुभेदार तसाच मागे उभा राहिला.

विरोधात होत्या शाळेतल्या बाई. सुभेदार त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि आता त्यांचा मुलगा त्याच्या तुकडीत. बाई हरल्या, ते एक वेळ चाललं असतं. पण भर बाजारात लोक त्यांना देशद्रोही म्हणू लागले.

सुभेदार कामावर परतला. बंदुका साफ करताना बाईंचा मुलगा हळूच म्हणाला, "साहेब, उद्या गोळ्या सुटल्या तर मी तुमच्या मागे येईनच. पण आईला काय सांगू?"

सुभेदार तडक कमांडरसाहेबांकडे गेला आणि झालं ते सांगून मोकळा झाला. बढती अडकली. जिवाला मात्र चैन पडेना.

पुढच्या सुट्टीत तो साध्या कपड्यांत बाईंकडे गेला. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं.

"चुकलं माझं, बाई."

"घरात येऊन काय सांगतोस? अब्रू चौकात गेली, चौकात सांग."

"चौकात बोलता येत नाही मला. नियम आहे."

"हो का? मग त्या दिवशी नियम कुठे हवा खायला गेला होता?"

तो जायला उठला. दाराशी बाई म्हणाल्या, "पोरगा तुझ्या हवाली आहे. त्याला नीट सांभाळ." शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं त्याला.

तिथून तो दाजींच्या कचेरीत गेला. त्या सभेचा फोटो भिंतीवर होता. त्याने तो खिळ्यावरून उतरवला.

दाजी हसले. "ने की. तसले घरोघर वाटलेत मी."