शेंगांचा आवाज

"मोना, बॅगनी चेन उघडी ना व तू?"

डब्यावर ठेवलेल्या फोनकडे बघत बेबाबाईने विचारलं. तिच्या हातातली भुईमुगाची शेंग हातातच राहिली. खरं तर या वेळी बोलायचं नाही असा मायलेकींचा ठराव होता, आणि तो आज पहिल्यांदा तिनेच मोडला होता.

ठराव तसा जुना नव्हे. मोनाली बारावीपर्यंत एरंडोलजवळच्या या घरातच शिकली. माय बियाण्याच्या शेंगा फोडायची, दाणा दुखावू नये म्हणून हातानेच, आणि तिच्या गुडघ्याला टेकून पोरीचा अभ्यास चालायचा. धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात बीएस्सीला गेली आणि पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आली. म्हणे, होस्टेलवर मन लागत नाही, इथे शेंगांचा आवाजच नाही. आता बोला! तेव्हापासून रोज जेवणं उरकली की बेबाबाई फोन लावी, पालथ्या डब्यावर ठेवी, आणि दोघी आपापल्या कामाला लागत. बोलायचं काही नाही. इकडून शेंगा फुटत, तिकडून पानं उलटत. शेजारची इंदिराबाई खो खो हसे. "फोनवर गप बसाले रिचार्ज मारस का व बाई?"

"हास माय, हास," बेबाबाई म्हणे.

वाचणं ती कधीच विसरून गेली होती, पण पोरीच्या अभ्यासाचे आवाज तिला पाठ होते. पेनाचं टोपण, खुर्चीचं करकरणं, मध्येच जांभई. बॅगेची चेन त्यात नव्हती. चेन उघडली म्हणजे पोर सामान भरायला लागली.

"माय," मोनाली शेवटी म्हणाली, "मी घर येस. सकायनी गाडीवर."

"काय व्हयनं?"

"गणित राही गयं मन्हं. आठे कॉलेजमा सर्व इंग्रजीमा शिकाडतस. काही इचारं तर पोरी मन्हा बोलाले हासतस. माले नही जमत."

'ये बेटा' हे शब्द बेबाबाईच्या अगदी ओठांवर आले. नवरा, जीवराम, गेल्यापासून घर खायला उठत होतं. कोणत्या माउलीला लेक जवळ नको असते? पण लहानपणी, दुसरीत असताना, बेबाबाई स्वतःही अशीच रडत घरी आली होती, आणि तिला परत शाळेत कोणी धाडलं नव्हतं. सगळ्यांनी फार माया केली होती. त्या मायेपायी जन्म अडाणी गेला.

तिने हातातली शेंग फोडली.

"सकायनं सकाय देखूत. गाडी काही पयी जात नही. आते गणितनं पुस्तक काढ."

"माय, आयक ना..."

"काढ म्हनस ना! हासतस त हासू दे, त्यासनाच दात दुखतीन. तू गणित कर, मी शेंगा फोडस. तुन्हं व्हत नही तोवर मी बी उठत नही."

मग चेन पुन्हा ओढली गेली. खुर्ची करकरली. नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर एक पान उलटलं. बेबाबाईने कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला आणि भराभर शेंगा फोडायला घेतल्या.

तिथेच चुकलं. टोपली रोजच्यापेक्षा लवकर तळाला गेली. शेवटची शेंग फुटली, दाणे सुपात पडले आणि घर चिडीचूप झालं. तिकडचं पेनही थांबलं.

"माय? झोपी गई का?"

"नही व. कर तू."

पुढ्यात सकाळी चुलीत घालायच्या टरफलांचा ढीग पडला होता. बेबाबाईने तो जवळ ओढला, एक रिकामं टरफल बोटांत धरलं आणि काडकन मोडलं. मग दुसरं. मग तिसरं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पुसायला हात थांबवून चालणार नव्हतं.

तिकडे पान उलटलं.