रक्त कुठं फुटतं

नमुना पहिला. नाकारला.

नांदेडच्या लॅबमधून फोन. "लोहा सेंटरचं रक्त फुटून आलंय. वरचं पाणी पिवळं हवं, लालभडक आहे. पोटॅशियम तपासता येत नाही. पेशंटला परत बोलवा."

लोह्याच्या सेंटरवर अर्शी एकटीच. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, झाल्यावरची पहिली नोकरी. रक्त काढायचं, बर्फाच्या पाकिटांसोबत डब्यात भरायचं, डबा मलप्पाच्या काळी-पिवळी जीपमध्ये द्यायचा.

नमुना दुसरा. नाकारला.

पेशंट त्याच, तारामतीकाकू.

"पोरी, तू रक्त तपासून राहिली का विकून राहिली?"

अर्शी हसली. संध्याकाळी मॅनेजरचा फोन आल्यावर नाही हसली. पुन्हा असं झालं तर सेंटरवर दुसरं कोणी बसेल.

नमुना तिसरा. वाटेत.

ह्या खेपेला डब्यासोबत तीही जीपमध्ये बसली. मलप्पानं सवयीनं डबा उचलला आणि स्वतःच्या सीटखाली सरकवला. खाली इंजिन. पत्रा तापलेला.

"मामा! माझं रक्त तुम्ही शिजवून राहिले!"

"आता गं! तिथं ठिवलं तर कुणी हात लावत न्हाई. कोंबडीची पिल्लं नेली म्या ह्याच्यात. समदी जित्ती उतरली."

जीप हसली. अर्शीनं डबा मांडीवर घेतला. नांदेडपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. चोर सापडला होता.

लॅबमध्ये मशीन फिरलं. थांबलं.

लाल.

नमुना चौथा. रविकांत सरांचा.

सीनियर टेक्निशियन रविकांत सरांनी बाही वर केली. "माझं काढ."

शीर पहिल्याच टोचणीत. सर मानेनंच बरं म्हणाले. मग तिनं सुई बाटलीच्या झाकणात खुपसली, अंगठ्यानं सिरिंजचा दट्ट्या दाबला.

"थांब. रोज असंच?"

"हाव सर. रांग असते. लवकर होतं."

"मग फुटतं ते इथं. एवढ्याशा भोकातून रेटलं तर पेशी टिकतील कशा?"

"मला वाटलं, जीपच्या गरमीनं..."

"तेही वाईटच. पण आज डबा मांडीवर होता ना तुझ्या?"

अर्शीनं नवी सिरिंज घेतली.

सरांनी दुसरा हात पुढं केला. सुई काढून बाजूला. झाकण उघडं. बाटली तिरपी. रक्त काठाकाठानं, आपलं आपण.

गोठेपर्यंत दोघांनी चहा घेतला. मग मशीन. वर आलेलं पाणी पिवळं, स्वच्छ.

"उद्या असंच आलं तर मी मॅनेजरशी बोलतो. नाही आलं तर मला तोंड नाही."

नमुना पाचवा. स्वीकारला.

सकाळी जीप लागली तशी ती आधी मलप्पाकडे गेली. "मामा, काल उगाच बोलले तुम्हाला. चूक माझ्या हाताची होती."

"बरं बरं. डबा आण लवकर, शिटा भरल्यात."

आत तारामतीकाकू हात पसरून, तोंड भिंतीकडे करून बसलेल्या. मागं रांग. अर्शीनं रक्त घेतलं, सुई काढली, झाकण उघडलं.

"काय गं, थांबलीस का? नसंल येत तर सांग तसं."

"हळू सोडते, काकू."

बाहेर हॉर्न. पुन्हा हॉर्न. "ए अर्शी! निघालो गं!"

बाटली अजून अर्धीच भरली होती.

"निघा मामा," ती आतूनच ओरडली, मान वर न करता. "मी मागच्या गाडीनं पाठवते."