अर्धाच चमचा

मित्रांनो, मी चहाचा चमचा. स्टीलचा, जुना, दांड्याला भोक असलेला. त्या भोकानं मी रेवदंड्याच्या भिकू तांडेलांच्या होडीत खिळ्याला लटकत असे. वीस वर्षं खलाशांचा चहा ढवळला. दांडा वाकला तेव्हा घरी आलो, तो थेट गंजक्या खिळ्यांच्या डब्यात. कुणी विचारलं नाही.

मग तांडेलांना झटका आला. मेंदूच्या अगदी मुळाशी, जिथून गिळणं चालतं. हातपाय शाबूत, घसा गेला. दवाखान्यातल्या, गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी घरातला सर्वांत लहान चमचा मागितला, आणि नीराबाईंनी, त्यांच्या बायकोनं, मला घासून उकळून घेतलं. बाईंनी बजावलं: ताठ बसवायचं, हनुवटी खाली, खीर घट्ट, अर्धाच चमचा. गिळल्यावर "आ" म्हणायला लावायचं. आवाज घरघरला, म्हणजे घास श्वासनळीकडे गेला, की थांबायचं.

पण आमच्याकडची रीत मोठी! आजाऱ्याकडे आलेली बाई आपल्या हातानं भरवल्याशिवाय उठत नाही. नीराबाई बाजारात गेलेल्या, आणि तांडेलांची आत्या, आवडाबाई, कोळंबीचं सार घेऊन आली.

"हातपाय चांगलं, न् गिळता न्हाय येत? बायकोची थेरं सगली! पातळ हाय, सरकन् जाईल."

मला बाजूला फेकलं आणि ग्लास तोंडाला लावला. तांडेल खोकलेसुद्धा नाहीत. घशाला पत्ताच नव्हता, सार फुप्फुसात चाललंय याचा.

"बघ, उतरलं!" आत्या म्हणाली.

उतरलं, पण कुठं? मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. अलिबागला दवाखाना, बारा दिवस नाकात नळी. पुन्हा असं झालं तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि गावात बोभाटा काय? नीराबाईनं नवऱ्याला उपाशी मारलं!

नळी निघाली, तांडेल घरी आले. नीराबाईंनी माझ्या भोकातून जाळ्याचा दोरा ओवला आणि मला गळ्यात बांधलं. रविवारी आत्या साराचा टोप घेऊन पुन्हा हजर.

"टोप ठेव, आत्या. भरवणार मी."

"मंग मी काय नुसती बघायला आली?"

"व्हय. आजाऱ्याला बघायलाच येतात."

आत्या फुरंगटून भिंतीला टेकली. घट्ट खिरीचा अर्धा चमचा गेला. "आ," तांडेल म्हणाले. आवाज स्वच्छ. दुसरा गेला. पुन्हा स्वच्छ. मग कोपऱ्यातून आत्या पुटपुटली, "सार किती घट्ट करायचा, ता सांग तरी."

मित्रांनो, एवढं विचारायला आत्याला बारा दिवसांची नळी बघावी लागली. तुम्ही टोप उघडण्याआधी विचारा.