भाकरी-हरभऱ्याचा पैलवान

हिंगोलीजवळच्या पुसेगावात व्यंकटरावांचं घर महानुभाव पंथाचं. त्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. त्यामुळे त्यांचा हरीश तालमीत जाऊ लागला तेव्हा गावानं त्याची थट्टाच केली. वस्ताद धर्मसिंग बंजारा तांड्यावरचे, स्वतः मटण खाणारे. पण ते म्हणाले, "भिजलेले हरभरे खा, शेंगदाणे खा, वरण-भाकरी पोटभर खा, दूध पी. अंग बराबर भरते. फकस्त घाई करू नको."

हरीशला घाई होती. शहाण्णव साली लागोपाठ दोन कुस्त्या हरल्यावर तो हिंगोलीच्या एका खानावळीत गुपचूप मटण खाऊ लागला. इकडे गोजरबाई, त्याची माय, रोज म्हशीचं तांब्याभर दूध पाठवायची. धाकटी साधना ते तालमीच्या दारात ठेवून जायची. मटणावर दूध जाईना. हरीश ते मागच्या उकिरड्यावर ओतून द्यायचा. पुढं पुढं मटण नसलं तरी ओतायचा.

एकदा धर्मसिंगांनी पाहिलं. "खाणं तुझं तू बघ. पण हे वतून काहून देऊन राहिला?"

दुसऱ्या दिवसापासून हरीश ते नालीत ओतू लागला.

पुढच्या साली जवळच्याच गोरेगावच्या जत्रेत त्यानं कळमनुरीचा नावाजलेला गडी चीत केला. चारचौघांत कधी न बोलणाऱ्या व्यंकटरावांनी माईक मागून घेतला.

"माझ्या लेकरानं हे अंग भाकरी-हरभऱ्यावर कमावलं. दोन वर्सं झाले, आमी घरचे कोरा चहा पिऊन राहिलो. म्हशीच्या दुधाचा थेंब न् थेंब ह्याला."

टाळ्या पडल्या. घरचे कोरा चहा पितात हे हरीशला ठाऊकच नव्हतं. घरच्यांच्या कपात काय असतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं धर्मसिंगांकडं पाहिलं. ते खाली मातीकडं बघत होते.

जीपमधून उतरून घराकडं चालताना त्यानं सांगून टाकलं. "आबा, मी मटण खातो."

व्यंकटरावांनी विचारलं, "अन् दूध?"

"वतून देतो," हरीश म्हणाला.

"मायला तूच सांग. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. मटणाचं ती काहीच बोलली नाही. "नको म्हणला असतास तर ही साधना टायफॉईडमधून उठली तवा हिला तरी दिलं असतं."

"सगळंच वतलंस, दादा?" साधनानं विचारलं.

"सगळं नाही," असं तो म्हणू शकला असता. "व्हय," तो म्हणाला.

त्यानं खानावळ सोडली. पुढची दोन वर्षं तो पडतच राहिला. मग हळूहळू, धर्मसिंग म्हणाले होते तसंच, हरभऱ्या-भाकरीवर अंग भरलं, कुस्त्याही जिंकल्या. जत्रेत कुणी 'निव्वळ शाकाहारी पैलवान' असं पुकारू लागलं की तो जवळ जाऊन हळूच सांगायचा, "नुसतं नाव अन् गाव घ्या."

लोकांना वाटायचं, पोरगं लाजाळू आहे.